लावलेले केस आणि वस्तरा

आमच्या हॉटेलच्या काउंटरमागे, माझ्या डोक्याच्या बरोबर वर, मालकांनी कॅमेरा बसवला तेव्हा मला माझी टाळू पहिल्यांदा दिसली. लोणावळ्यात रिसेप्शनवर उभं राहण्यात माझी उमर गेली, पण स्वतःला वरून बघायची वेळ कधी आली नव्हती. स्क्रीनवर काउंटरला टेकून एक माणूस उभा होता. पुढे दाट केस आणि मागे ताटलीएवढी मोकळी जागा. हा कोण आत शिरलाय, म्हणून मी मान वळवली, तर त्यानेही वळवली. समोरून मी होतो, वरून माझे वडील.

खरं तर डॉक्टरांनी हे सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. मी हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं तेव्हा तिशीत होतो आणि कपाळ इतक्या घाईने मागे सरकत होतं की गिऱ्हाइकं मलाच मालक समजून भाव कमी करायला सांगायची. पुण्यातल्या त्या डॉक्टरांपुढे मी माझा लग्नातला फोटो ठेवला आणि म्हणालो, अगदी असं करून द्या. त्यांनी फोटो बघितला आणि परत माझ्या हातात दिला. "हे पोरगेल्या वयाचं कपाळ आहे. पन्नाशीत तुम्हाला ते शोभणार नाही," असं म्हणून त्यांनी मला हवी होती त्यापेक्षा चांगली दोन बोटं वर पेनाने रेघ ओढली. मला राग आला. डोकं माझं आणि मर्जी यांची!

मागच्या बाजूचे केस सहसा जन्मभर टिकतात, म्हणून तिथली पट्टी काढून ते केस पुढे लावायचे, असं ते काम होतं. पण मागचा साठा मर्यादित असतो आणि जे केस लावलेले नाहीत ते आपल्या चालीने जातच राहतात, हेही त्यांनी समजावलं. मी हवं तेवढंच ऐकलं. डॉक्टर स्वतः पूर्ण टकले होते. न राहवून मी विचारलं, "मग तुम्ही का नाही करून घेतलं?"

"माझ्या मागे काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं," ते हसत म्हणाले.

टाके निघेपर्यंत मी पुण्यात मित्राच्या खोलीवर राहिलो आणि मग टोपी घालून मळवलीला घरी आलो. बायकोला सगळं माहीत होतं. आईला एवढंच सांगितलं, की डॉक्टरकडून केस लावून घेतले. "चिकटवलेत व्हय?" तिने विचारलं. मी मान डोलावली. सलूनमधलंच काहीतरी मोठं काम असेल, असा तिचा समज झाला आणि मीही तो मोडला नाही.

महिन्याभरात लावलेले केस गळायला लागले. तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुळं राहतात, केस गळून पुन्हा येतात. पण उशीवर पडलेले केस बघून सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहतं? वाडीत बातमी पसरली की मला पुण्याच्या डॉक्टरने टोपी घातली. शेजारचे आबा बांधावरून ओरडले, "आरं, आवणी केल्यावर रोप आदी पिवळंच पडतं. दम धर की!" भाताच्या रोपाची आणि माझ्या डोक्याची एकच गत लावली म्हणून बायको दोन दिवस हसत होती. मला मात्र त्या माणसाचा फार आधार वाटला, कारण त्या दिवसांत सुखाचं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

केस आले. हळूहळू आले, आधी कुरळे आणि बारीक, मग वर्ष उलटेपर्यंत चांगले सरळ. आईने एक दिवस माझी झुलपं मुठीत धरून खसकन ओढली आणि दारातूनच सगळ्या आळीला सांगितलं, "निगत न्हाईत की!" मी ओरडलो, पण मनातून खूश होतो. पुढची कितीतरी वर्षं मी खिशात कंगवा बाळगला. भुशीला धरण बघून भिजत आलेली मंडळी काउंटरवर आली की आधी मी भिंतीवरच्या आरशात बघायचो, मग त्यांच्याकडे.

आणि मग तो कॅमेरा आला. मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. मागे आता फारसं उरलेलं नाही, आहे ते राहू द्या, असं त्यांनी सांगितलं. पुढची रेघ मात्र जिथल्या तिथे होती आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माझ्या तोंडाला ती आता खरोखर शोभत होती. दोन बोटांवरून मी किती चिडलो होतो! त्या दिवशी त्यांचे आभार मानले आणि लोणावळा लोकलने मुकाट घरी आलो. टाळूवर जे जातंय त्याला जाऊ दिलं.

एक गोष्ट तेवढी अडून होती. आम्हा बौद्धांकडे श्रामणेर शिबिर असतं. घरचा पुरुष थोड्या दिवसांसाठी डोकं-मिशी उतरवून भिक्खूंचं वस्त्र, म्हणजे चीवर, घालतो, विहारात राहतो, दुपारच्या आत मिळेल ते एक वेळ जेवतो. घरातल्या एकाने तरी चीवर घालावं, ही आईची फार वर्षांची इच्छा. वडिलांना जमलं नाही, रेल्वेची ड्यूटी सुटली नाही आणि मग ते राहिलेच नाहीत. दर वर्षी आई मला विचारायची आणि मी सीझन पुढे करायचो. लोकांना सुट्टी असते तेव्हाच आम्हाला काम असतं, हे काही खोटं नव्हतं. पण खरं कारण डोक्यावर होतं. एवढ्या खटपटीने आणलेले केस वस्तऱ्याखाली द्यायचे? ते परत आले नाहीत तर? आणि मागे पट्टी काढलेल्या जागेची ती कानापासून कानापर्यंतची शिवण केसांखाली झाकलेली होती, ती सगळ्या गावाला दाखवायची?

गेल्या वर्षी भातकापणी उरकल्यावर आई म्हणाली, "मी तुज्यावर बळजबरी न्हाई करत. पर डोळ्यानं नीट दिसतंय तवर एकदा बगू दे."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते बराच वेळ हसले. "अहो, ते तुमचेच केस आहेत. इतरांचे उगवतात तसे उगवतील." त्याच दिवशी मी मालकांकडे रजा मागितली.

कार्ल्याकडच्या विहाराच्या अंगणात आम्ही रांगेने बसलो. वस्तरा मागे आला तसा न्हावी थांबला. "भाऊ, टाके कशाचे?"

"केसांचे," मी म्हणालो. रांगेत हशा पिकला आणि मी इतकी वर्षं ज्याला घाबरत होतो ते तेवढ्यात उरकलं.

दुसऱ्या दिवशी आया-बाया भोजनदान घेऊन आल्या. चीवर अंगावर असताना बाईमाणसाने श्रामणेराला शिवायचं नसतं, आईने सुद्धा नाही. उलट आईने मुलाला वंदन करायचं. माझ्या पात्रात भात वाढून आई गुडघे टेकून वाकली आणि मला "भंते" म्हणाली. मला ते सहन होईना, पण पाय मागे घेता येत नाही. ती उठली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मला वाटलं, एवढ्यासाठी मी ही सगळी वर्षं का थांबलो?

केस परत आले, ते सांगून टाकतो. पुढचे पुढे आणि मागचे होते तेवढेच.

शिबिर संपवून घरी आलो त्या सकाळी आई ओट्यावर खोबरेल घेऊन बसली होती. आता शिवायला हरकत नव्हती. मी तिच्यापुढे पायरीवर बसलो. तिने टकलावर तेल घातलं, कौतुकाने चोळलं, आणि चोळता चोळता तिचं बोट मागच्या शिवणीत गेलं. ते एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हळूहळू फिरलं.

"हे काय रं?"

मी सांगितलं. इथलं कातडं कापून काढलं, त्यातले केस पुढे लावले, मग हे शिवलं.

"कापलं? मला वाटलं चिकटवलेत."

किती टिकले, किती गेले, पुन्हा येतील का, फसवलं तर नाही ना, असं आजवर सगळ्यांनी सगळं विचारलं होतं, आणि मीही सगळ्यांना हसून सांगत आलो होतो की काही नाही, मुंगी चावल्यासारखं.

आईचं बोट तसंच शिवणीवर होतं. "लय दुकलं आसंल न्हाई रं?"

"व्हय आई," मी म्हणालो, "लय दुकलं."