एक पेटी, दोन उत्तरं

निजामाच्या शेवटच्या वर्षांत मुरूमच्या आमच्या आडत दुकानासमोरून लेव्हीच्या ज्वारीच्या गाड्या जायच्या. साध्या शेतकऱ्याच्या घरातलं धान्य सरकार सक्तीनं न्यायचं, बड्यांची कोठारं मात्र तशीच राहायची. ते बघून मी लाल बावट्याकडं ओढला गेलो. जमीन कसणाऱ्याची, एवढं एकच डोक्यात असायचं. तराजू हातात असला तरी चित्त थाऱ्यावर नसायचं.

पुढं पोलीस कारवाई झाली, निजामी गेली आणि पहिली निवडणूक आली. धाराशिवचे एक वकील डाव्या आघाडीतर्फे उभे राहिले. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असायची. त्यांच्या जोडीला कापसाच्या जिनिंगमधल्या मजुरांचे एक पुढारी होते. दोघांचे पक्ष वेगळे, निवडणुकीपुरते एक झालेले. आमच्या भागात कानडी लागायची, म्हणून दोघांची भाषणं कानडीत सांगायचं काम माझ्याकडं आलं.

मुरूमच्या सभेला अप्पा, म्हणजे माझे वडील, येतील असं वाटलं नव्हतं. ते येऊन पुढंच बसले. भाषणं संपल्यावर उठले आणि कानडीत विचारलं, "माझी जमीन मी वाट्यानं दिलीय. तुमचं राज्य आलं तर ती कुणाची?"

मी प्रश्न मराठीत सांगितला. वकील म्हणाले, "लहान मालकाला आम्ही हात लावणार नाही."

ते मी कानडीत सांगतोय तोवर पुढारी उठले. "स्वतः कसत नाही त्याची जमीन जाणार. लहान असो, मोठा असो."

मी तेही सांगितलं, शब्द न गाळता. लोक आधी हसले, मग आपसांत बोलायला लागले. सभा तिथंच मोडली.

घरी अप्पा रागावले नाहीत. "तू बरोबर सांगितलंस," ते म्हणाले. "पर मत पहिल्या उत्तराला टाकायचं का दुसऱ्याला? पेटी तर तुमची एकच हाय."

दुसऱ्या दिवशी प्रचाराच्या गाडीत मी दोघांना म्हणालो, "एक काय ते ठरवा."

"आधी निवडून येऊ, मग बघू," वकील म्हणाले.

"मग माझ्या माणसांना तोंड काय दाखवू?" पुढारी म्हणाले. मतदानापर्यंत गावोगाव तेच झालं. प्रत्येक सभेत कुणी हात वर केला की मी दोन्ही उत्तरं कानडीत सांगायचो.

निकालाला मी धाराशिवला कचेरीबाहेर उभा होतो. मजुरांच्या वस्त्यांनी भरभरून मतं दिली होती, बाकी गावांनी पाठ फिरवली. आम्ही पडलो. पुढारी निघून गेले. वकिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

घरी आलो तेव्हा अप्पा जेवायचे थांबले होते. न राहवून मी विचारलं, "तुम्ही कुणाला दिलं?"

"वकिलाला," ते म्हणाले. "तू उन्हातान्हात हिंडत होतास म्हणून. पुढच्या वेळी न्हाय देणार."