चावीवाल्यांनी बंद केलेल्या सेवा

चावीवाल्यांचा विश्वास जगात एकाच गोष्टीवर होता, बंद असलेल्या चावीवर. एकतीस वर्षं पाणीखात्यात त्यांनी रस्त्याखालच्या चाव्या फिरवल्या. कुठल्या गल्लीला पाणी सोडायचं, कुठलं तोडायचं, सगळं त्यांच्या मनगटात. निवृत्त झाले तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे काही महिने हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळेना. मग घरातल्या संगणकात व्हायरस शिरला आणि हातांना काम मिळालं.

संगणक सुनेचा. ती कपड्यांची बेतणी करायची. बाही, गळा, कॉलर यांचे आकार पडद्यावर आखायचे, कागदावर छापायचे. शिलाईच्या कारखान्यात त्या कागदांवरून कापड कापलं जायचं. दोन महिन्यांपूर्वी कुणाचा तरी पेनड्राईव्ह लावला आणि तिच्या फायलींच्या जागी नुसते बाणवाले शॉर्टकट उरले. दुरुस्तीवाल्यानं निम्म्या फायली परत आणल्या. निम्म्या गेल्या त्या गेल्याच.

घाण पाणी येतंय म्हणजे कुठली तरी चावी उघडी आहे, हे चावीवाल्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी दुरुस्तीवाल्याला खुर्चीत बसवलं आणि उलटतपासणी घेतली. त्यानं एकेक दाखवलं. पेनड्राईव्ह लावल्या लावल्या आपोआप काहीतरी सुरू होतं, ते बंद. लांब बसून दुसरा कुणी आपला संगणक चालवू शकतो, ती सोय बंद. कागदपत्रांत लपून येणाऱ्या आज्ञा, म्हणजे मॅक्रो, बंद. चावीवाले वहीत उतरवून घेत होते. जाता जाता त्या भल्या माणसानं 'सेवा' नावाची यादी उघडून दाखवली, आणि तिथंच फसला.

"एवढ्या सेवा?" चावीवाल्यांनी चष्मा वर केला. "करतंय कोण?"

"संगणकच करतो, काका. मागच्या मागे चालू असतात."

"आपण न सांगता?"

"हो."

"आणि बदल्यात काही मागत नाहीत?"

दुरुस्तीवाला हसला. चावीवाले हसले नाहीत. न सांगता सेवा करणारे लोक त्यांनी खात्यात पुष्कळ पाहिले होते.

"यातल्या कुणाच्या दारानं व्हायरस आलाय का कधी?"

"आलाय ना. हा प्रिंट स्पूलर बघा. छपाईचं काम प्रिंटरपर्यंत पोचवतो. त्यातून शिरलेत."

दुरुस्तीवाला गेला. आठवडाभर चावीवाले त्या स्पूलरकडे येता-जाता बघत राहिले. प्रिंटरला स्वतःचं बटण आहे, संगणकापर्यंत स्वतःची वायर आहे. मधे हा दलाल कशाला? एका दुपारी सून बाजारात गेली तेव्हा त्यांनी दलालाचं दुकान उठवलं. नुसतं थांबवलं नाही, 'अक्षम' करून टाकलं, म्हणजे पुन्हा आपलं आपण उठायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून म्हणाली, "संगणक म्हणतोय, प्रिंटरच नाही."

प्रिंटर तिच्या कोपराशी हिरवा दिवा लावून बसला होता.

चावीवाल्यांच्या मनातून एक शंका सरपटत गेली. ती त्यांनी बाजूला सारली, कारण तिच्यात आरोपी ते स्वतः होते.

"काल पेनड्राईव्ह कुणाचा लावलास?"

"नव्या कारखान्याचा. कटिंग मास्तरांनी मापं पाठवली होती."

"मेलवर का नाही पाठवली?"

"ते मेल वापरत नाहीत, बाबा."

"वापरता येत नाही, की वापरायचं नाही?"

सासूबाई पलीकडे भाजी निवडत होत्या. "यांना आमच्या पहिल्या दिवाळीत माझ्या भावाचा संशय आला होता," त्या म्हणाल्या. "का, तर माणूस फार गोड बोलतो."

"मग? निघाला ना उसना सदरा घालून आलेला?"

"तुमचाच होता तो. मीच दिला होता."

सुनेचं लक्ष नव्हतं. तिनं संगणक बंद करून पुन्हा चालू केला, वायर काढून लावली. पडद्यावर तेच. "परत तेच झालंय. व्हायरस त्यांच्याच पेनड्राईव्हमधून आलाय. मास्तरांना सांगते, तुमच्यामुळे माझं काम अडलं."

"त्यांचं पहिलंच काम आणि पहिल्याच दिवशी भांडण?" सासूबाई म्हणाल्या.

"मग काय करू, आई? बाराला त्यांचा माणूस दारात येईल. कागद नसले तर उद्यापासून सगळं काम पलीकडच्या बेतणीवाल्या बाईंकडे. पुन्हा विचारणार नाहीत ते."

तिनं फोन लावला. चावीवाले वही चाळत उभे राहिले. फार वर्षांपूर्वी एक गल्ली दोन दिवस कोरडी राहिली होती. चावी यांच्याकडून अर्धीच उघडली गेली होती आणि बोलणी बसली पंपावरच्या माणसाला. तेव्हा ते गप्प राहिले होते. तो माणूस पुढे त्यांच्याशी बोलायचा थांबला. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

"मास्तर, मी बोलतेय. तुमच्या पेनड्राईव्हचं जरा…"

"ठेव," चावीवाले म्हणाले.

तिनं फोनवर हात धरला. "काय?"

"त्यांचा काही दोष नाही. चावी मी बंद केलीय."

ती हात काढून फोनवर म्हणाली, "मापं नीट आलीत, एवढंच सांगायला केला होता. हो, बाराला." फोन ठेवला. आवाज अजिबात चढवला नाही, आणि तेच चावीवाल्यांना जास्त लागलं. "कुठली चावी, बाबा?"

"स्पूलर."

"मला विचारलं होतंत?"

"तू बाजारात होतीस."

"म्हणून विचारतेय."

चावीवाल्यांनी खुर्ची ओढली, यादी उघडली. 'सुरू करा' फिकट पडलेलं, दाबलं जाईना. अक्षम केलेलं आधी काढावं लागतं, हे वहीत त्यांच्याच अक्षरात होतं. ते बदललं, मग सुरू केलं.

"बघ आता."

प्रिंटर खाकरला. पहिला कागद बाहेर आला, बाहीचा.

"एकूण किती?"

"बावीस."

"बावीस झाले की बंद करू? त्या दारातून खरंच शिरतात, मी मनानं नाही सांगत."

"करा," सून कागद जुळवत म्हणाली. "पण मला सांगून करायचं. आणि उघडायचं कसं ते आत्ता दाखवायचं."

पुढचे कागद सोडण्याआधी त्यांनी दाखवलं. तिनं स्वतःच्या हातानं दोनदा बंद-चालू करून पाहिलं, कारण आता तिचाही त्यांच्यावर भरवसा नव्हता. मग चावीवाले स्टूल घेऊन प्रिंटरशेजारी बसले. येणारा प्रत्येक कागद उचलून मागून काही लपून आलंय का म्हणून आधी ते त्याची मागची बाजू बघत, आणि कोरी असल्याची खात्री पटली की मगच सुनेच्या हातात देत.