आईचे पैंजण

मैत्रिणींनो, दुपारी जे घडलं ते कुणाला तरी सांगायलाच हवं.

आज शेळगावला माहेरी आलेय. आईचं कपाट आवरताना तिचे पैंजण सापडले. तिला जाऊन वर्ष होत आलं. सहज पायात घातले आणि तशीच स्वयंपाकघरात भांडी लावायला लागले.

माझे वडील, आबा, बाहेर ओसरीवर पडले होते. एकदम त्यांची हाक आली, "शालन, जरा च्या टाकतीस का गं?"

शालन म्हणजे माझी आई.

ओ देऊ की नको, कळेना. गुपचूप चहा केला आणि बाहेर नेऊन दिला. आबांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"काढून ठेवते, आबा," मी घाईघाईनं म्हणाले.

"नगं," ते म्हणाले. "हितंच जरा फीर. मी डोळं मिटून बसतो."

मग मी ओसरीवर उगीच येरझाऱ्या घालत राहिले. चहा निवून गेला. मिटल्या डोळ्यांनी आबा हसत होते, आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मला मात्र मागं वळून बघायची भीती वाटत होती.

तुमच्याही घरात असं कुणी अजून वावरतं का?