कमी तितकं चांगलं

अनेक निकष तोलून एक निर्णय कसा काढायचा, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यामुळे भाड्याची जागा सोडून स्वतःचा फ्लॅट घ्यायचं ठरलं, तेव्हा मी सरळ तक्ताच मांडला. पुण्यातल्या जागा तीन: येरवडा, कर्वेनगर, कात्रज. निकष चार: किंमत, पाणी, उजेड आणि बायकोच्या ऑफिसपासूनचं अंतर. तिची आयटी कंपनी येरवड्याच्या बाजूला होती; कात्रज तिथून पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. कशाला किती वजन द्यायचं, ते मी तिलाच ठरवायला लावलं. सगळ्यांत जास्त तिने अंतराला दिलं. उत्तर आलं येरवडा.

कागद बघून ती म्हणाली, "कात्रजचा घेऊ."

मी भडकलो. वजनं आपणच द्यायची आणि उत्तर आलं की नाकारायचं? आकडेमोड दोनदा तपासली, चूक नव्हती. मग मात्र कुतूहल वाटायला लागलं. कात्रज पहिलं यायला वजनं कशी असायला हवीत? चार दिवस तेच करत बसलो. अंतराला जरा वजन दिलं की कात्रज तळाला.

शेवटी कागद तिच्यापुढे ठेवला. "सांग, कुठे चुकलं?"

तिने अंतराच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे मी 'कमी तितकं चांगलं' असं लिहून ठेवलं होतं.

"हे कुणी ठरवलं?"

"त्यात ठरवायचं काय? लांबचं घर कुणाला हवं असतं?"

"मला," ती म्हणाली. "बसमध्ये खिडकीशी तासभर बसते ना, तेवढाच वेळ मला कुणी काही विचारत नाही."