पाठमोरा फाटकवाला

सौदीत, अल खर्जला कामावरून दमून परतताना लष्करी तळाजवळच्या फाटकावर माझी गाडी हमखास अडकायची. तळात जाणारी मालगाडी तिथे रस्ता ओलांडते. फाटकवाला रत्नागिरीकडचा, पिकल्या दाढीचा. मालगाडी आली की लाल झेंडी आमच्यापुढे धरून रुळांकडे पाठ करायचा. ताडपत्रीखालचा माल बघायचा नाही, असा हुकूम होता. कुणाचा, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

एकदा नुसती खडीची गाडी आली. डबे उघडे, तरी हा पाठमोराच. मी वैतागून काच खाली केली. "चाचा, खडी आहे नुसती. बघा की!"

"सवय झाली, भाऊ," तो म्हणाला. "गेल्या सुट्टीत लेकीला आणायला रत्नागिरी स्टेशनात गेलो. गाडीचा भोंगा ऐकला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. दोन वर्षांनी पोरीला बाप दिसला, तो असा."

शेवटचा डबा गेला. मागचे हॉर्न वाजवू लागले. त्याने झेंडी गुंडाळली, "यल्ला, निघा" म्हणत हात केला.

पुढे गेल्यावर आरशात पाहिलं. रूळ रिकामे होते, आणि आता तो त्यांच्याकडे तोंड करून उभा होता.