ओंकार ‘चालू’ म्हणाला

हसू आलं तर खुशाल हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. नाहीतर चहा सांडेल आणि तोही माझ्याच नावावर लागेल. कारण हा घोळ मी एकट्यानं, कुणाचीही मदत न घेता घातलेला आहे.

गोष्ट तेव्हाची, जेव्हा एसटीडी बूथसमोर माणसं रांग लावायची. मी झेडपीच्या शाळेत मास्तर, शाळा वरवंडजवळ. बिऱ्हाड मात्र दौंडला, कारण माझी बायको मंगल तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजात नोकरीला होती.

आता डी.एड.ला बालमानसशास्त्र हा माझा हातखंडा विषय. पालकसभा असली की हेडमास्तर मलाच उभं करायचे. मूल कधी रांगतं, कधी दोन शब्द जोडतं, कधी चारचौघांत मिसळतं, शाळेत जायला लागलं की त्याची अक्कल कशी वाढते, सगळं मला पाठ. समोरच्या बाया पदराआडून जांभया द्यायच्या. त्यांची पोरं हायस्कुलात गेलेली, आणि मी त्यांना सांगतोय की मूल पडत पडत चालायला शिकतं!

मग आमच्या घरी ओंकार आला. अंगानं बाळसेदार, वेळेवर चालला, काड्यापेट्यांचा उंच मनोरा रचायचा, आपला खाऊ दुसऱ्या पोरांना वाटायचा. सगळं अगदी मी सभेत सांगायचो तसं. फक्त बोलायचा नाही. अडीच वर्षं उलटली तरी ‘आई’ नाही, ‘बाबा’ नाही. काहीतरी गुळगुळीत बडबड चालायची, पण तिचा अर्थ ना मला लागायचा, ना मंगलला.

दिवसभर तो शेजारच्या सरोजाताईंकडे असायचा. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड. मंडळी मूळची आंध्रातली, पण सरोजाताई लहानपणापासून दौंडला काकांकडे वाढलेल्या, त्यामुळे त्या आमच्यापेक्षा खणखणीत मराठी बोलायच्या. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणाचं मशीन चालायचं. आत त्यांची म्हातारी आई, गावाकडून राहायला आलेली. तिला सगळे अम्मम्मा म्हणायचे. सकाळी पोराला दारात सोडायचं, संध्याकाळी दारातून उचलायचं. अम्मम्मा दिसली की मी हसून मान हलवायचो, तीही हसायची. एवढाच आमचा व्यवहार.

इकडे मंगलचा जीव टांगणीला लागलेला. तिचं माहेर तळेगाव ढमढेरे. तिचे वडील, म्हणजे आमचे आबा, दर फोनला एकच विचारायचे.

“बोलला का न्हाई?”

“अजून नाही, आबा.”

“अवो मास्तर, जीभ चिकटली आसंल पोराची. खालचा पडदा कापून घेतला की भडाभडा बोलतंय बघा. धाकटीच्या पोरीचं बारसं हाय, तवर वाट बघू. न्हाई बोलला तर मी सोता पुन्याला घिऊन जातो.”

पडदा कापायचा म्हटल्यावर मंगलच्या डोळ्यांत पाणीच यायचं. मला म्हणायची, “तुम्ही एवढे शिकलेले, काहीतरी सांगा ना.” मी पुस्तकातली दोन वाक्यं सांगायचो. तिला काय कपाळ धीर येणार त्यानं? खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. वर्गात पोरं गलका करायला लागली की पूर्वी मी ओरडायचो, त्या दिवसांत नुसता ऐकत बसायचो.

आणि एका संध्याकाळी चमत्कार झाला. मंगल ड्यूटीवर. मी ओंकारला वरणभात भरवत होतो. थोडं खाऊन झालं आणि पोरानं तोंड उघडलं.

“चालू.”

माझा हात हवेतच राहिला. अहो, स्पष्ट! ‘चाकातला चा’ जसा म्हणतात तसा चा. चालू. म्हणजे काय? म्हणजे जेवण चालू ठेवा. मी घास दिला.

“चालू!”

अजून एक घास. “चालू!” अजून एक. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. बापलेक दोघे रडतोय आणि मी भरवतोय. ताट लख्ख करूनच थांबलो. ओंकार कोपऱ्यात जाऊन माझ्याकडे पाठ करून बसला. मला वाटलं, पोर भारावलंय.

मंगल आल्यावर तिला सांगितलं. ती देवापुढे जाऊन उभीच राहिली.

त्यानंतर आमच्या घरात सगळं चालूच राहिलं. आंघोळीला डोक्यावर तांब्या ओतला की ओंकार म्हणायचा ‘चालू’, मी दुसरा ओतायचो. झोक्यावर ‘चालू’ म्हणाला की अजून उंच झोका. गुदगुल्या केल्यावर ‘चालू’ म्हणाला की विचारूच नका, पोर लाल होईपर्यंत गुदगुल्या.

“अहो, तो रडतोय,” मंगल म्हणायची.

“आनंद व्यक्त करतोय. या वयात भावना आणि भाषा एकदमच फुटतात.”

“मग तुम्ही आलात की खाटेखाली का जातो?”

“लपाछपी. सामाजिक विकास.”

थोड्या दिवसांनी दुसरा शब्द आला. आमच्याकडे पाणी भरून ठेवायला निळं प्लास्टिकचं पिंप होतं. ओंकार त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला, “नीळू!” मी उडालोच. रंग ओळखला की हो पोरानं! मी त्याला कडेवर घेतलं आणि निळा शर्ट दाखवला, निळी बादली दाखवली, अंगणात नेऊन आभाळ दाखवलं. तो आपला पिंपाकडे हात करून “नीळू, नीळू” करतोय. मी म्हटलं, “शाब्बास! आता लाल दाखव.” त्यानं भोकाड पसरलं. मी समजलो, लाल अजून झालेला नाही.

एवढ्यात बारशाचा दिवस आला. मी तर पाहुण्यांसमोर परीक्षेचा निकाल लावायला निघाल्यासारखा निघालो. तळेगावला घर माणसांनी भरलेलं. बाळाचं नाव ठेवून झालं, पंगत बसली, गव्हाची खीर आली. मी ओसरीवर ओंकारला मांडीवर घेतलं आणि आबांना म्हटलं, “आता ऐका.”

सगळे गोळा झाले. आबा, आत्या, मावश्या, आबांचे धाकटे भाऊ नाना. मी चमचा चमचा भरवायला लागलो. खीर पोराच्या आवडीची, भराभर खात होता. वाटी संपत आली आणि म्हणाला, “चालू.”

“आगं बया, बोललं की गं!” आत्याबाई ओरडल्या. “चालू म्हनतंय! आना खीर आजून.”

दुसरी वाटी आली. माझा हात दुखायला नको म्हणून आत्याबाईंनी भरवायला घेतलं. ओंकार मान फिरवायला लागला. “चालू! चालू! वद्दू!”

“काय म्हनला?” आबांनी विचारलं.

“वाढू म्हनतोय. वाढा, वाढा म्हनतंय लेकरू!”

तिसरी वाटी आली. मी छाती फुगवून बसलेलो. नवा शब्द, तोही क्रियापद! पोरानं माझ्याकडे वळून माझा शर्ट घट्ट धरला आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, “नान्ना! नान्ना!”

नाना एवढे हरखले की त्यांना उठता येईना. “मला बलावलं! सगळ्या घरात येकट्या मला बलावलं!” असं म्हणत ते गुडघ्यावर हात देऊन आले, आणि आत्याबाईंच्या हातातला चमचा घेऊन त्यांनी स्वतः ओंकारला भरवलं. एक घास आईचा, एक घास बाबाचा, एक घास नानांचा.

नानांचा घास आत गेला नाही. तो आणि त्याच्या आधीचे सगळे घास एकदम बाहेर आले, आणि आबांच्या परीटघडीच्या धोतरावर पडले.

ओंकार हुंदके देत होता. मंगलनं त्याला माझ्या मांडीवरून ओढून घेतलं आणि आत गेली. आबांनी धोतराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मास्तर, आपलं चुकलं. जिभेचं न्हाई हे.”

“म्हणजे?”

“पोरगं म्हनतंय वाढा, आन् वाढलं की रडतंय. म्हंजी तोंड एक बोलतंय आन् मन दुसरंच हाय. हे डोक्याचं हाय. उद्याच पुन्याला मोठ्या डाक्टरकडं न्या. पैशाची काळजी करू नगा, पन न्या.”

आबा रागावले असते तर बरं वाटलं असतं. इतके दिवस ज्याला मी आनंद म्हणत होतो, तो आनंद नव्हता हे माझ्याही डोळ्यांना आता दिसलं होतं.

न्हावऱ्यावरून दौंडला येईपर्यंत एसटीत मंगल खिडकीबाहेर बघत होती. ओंकार तिच्या खांद्यावर झोपलेला. एकदाच म्हणाली, “त्याला बरं वाटेल ना हो?” मी “हो” म्हणालो. आयुष्यात इतका पोकळ ‘हो’ मी कधी म्हटला नसेल.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. पुण्याला जायचं म्हणजे ओंकार उद्या शेजारी जाणार नाही, तेवढं सांगायला आम्ही सरोजाताईंकडे गेलो. दार उघडल्याबरोबर ओंकार मंगलच्या कडेवरून उतरून थेट आत पळाला. सरोजाताईंनी आम्हाला बसवलं, मी घसा खाकरून डॉक्टरचं सांगायला सुरुवात केली.

आत अम्मम्मा त्याला ताकभात भरवायला बसली होती. सकाळपासून पोराच्या पोटात काही टिकलं नव्हतं, मटामटा खात होता. मग त्याचा आवाज आला.

“चालू.”

मंगलनं डोळे मिटले. आणि अम्मम्मानं काय करावं? तिनं ताट बाजूला सरकवलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि पाठीवरून हात फिरवला. ओंकार खुदकन हसला.

मी न राहवून म्हटलं, “अहो अम्मम्मा, तो चालू म्हणतोय, चालू! अजून द्या त्याला.”

“कशाला?” सरोजाताई म्हणाल्या. “पोट भरलं की त्याचं.”

“मग चालू का म्हणतोय?”

“चालू म्हणजे पुरे. आमच्या तेलुगूत.”

त्याच क्षणी ओंकारनं अम्मम्माला ओढलं, “नीळू” म्हणाला, आणि अम्मम्मानं माठातून पेला भरून त्याच्या हातात दिला. तो घटाघट प्यायला.

“आणि... वद्दू?” मी विचारलं.

“नको.”

“नान्ना?”

“नान्ना म्हणजे बाबा. अहो सर, तुम्हाला काय वाटलं?”

काय वाटलं ते कसं सांगू? पोर माझा शर्ट धरून म्हणत होतं, बाबा, पुरे, नको. आणि मी नानांना जागा करून देत होतो!

मंगल मात्र हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि पुन्हा हसायला लागली. “अहो, बोलतोय तो! वाक्यं बोलतोय!”

“बोलतोय म्हणजे?” सरोजाताई म्हणाल्या. “दिवसभर तोंड बंद नसतं. मी मशीनवर, त्यामुळं हे दोघंच आत. अम्मा त्याला गोष्टी सांगते, तो अम्माला सांगतो. मला वाटलं, घरी तो तुमच्याशी मराठी बोलत असेल.”

घरी! घरी आम्ही त्याच्याशी बोलत कुठं होतो? ‘आई म्हण, बाबा म्हण, हे काय, ते काय’ अशी रोज तोंडी परीक्षा घेत होतो. अम्मम्मा आपली गप्पा मारत होती. पोरानं गप्पांची भाषा उचलली, यात त्याचं काय चुकलं?

पुण्याचं रद्द झालं. मी बूथवर जाऊन आबांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, “म्हंजी डोकं पोराचं न्हाई बिघडलेलं.” पुढचं वाक्य त्यांनी जावई म्हणून गिळलं असावं.

फोन करून परत आलो तर ओंकार अम्मम्माच्या मांडीवर बसून माझ्याकडे बोट दाखवत तिला काहीतरी समजावून सांगत होता. लांबलचक, हातवारे करून. मला तर प्रत्येक अक्षराला भरून येत होतं. अम्मम्मा ऐकून घेत होती आणि मधूनमधून माझ्याकडे बघून चुकचुकत होती.

मग ती उठली. माझ्याजवळ आली, माझ्या कानाशी तोंड नेलं आणि सावकाश, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून काहीतरी विचारलं. कळलं मला काहीच नाही. पण एवढ्या मायेनं विचारतेय म्हटल्यावर मी नेहमीसारखा हसलो आणि जोरात होकाराची मान हलवली.

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि आत निघून गेली. सरोजाताई भिंतीला टेकून पोट धरून हसत होत्या.

“काय म्हणाल्या हो?”

“ओंकारनं तिला केव्हाचं सांगून ठेवलंय, नान्नाला कितीही ओरडून सांगितलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिनं आत्ता विचारलं, ‘लेकरा, तू जन्मापासूनच ठार बहिरा आहेस का?’”

“मग?”

“मग काय, सर? तुम्ही हो म्हणालात.”