निरांजनामागचा चेहरा

आईच्या एकुलत्या एका फोटोला बुरशी लागून दोन्ही गाल पुसले गेले होते. तो दुरुस्त करायला बसलेल्या स्टुडिओतल्या बाईंनी विचारलं, "आईंचा तीळ कुठल्या गालावर होता हो?" मला सांगता येईना.

दर वाढदिवसाला आई मला ओवाळायची. पाटावर बसून मी निरांजनाबरोबर नजर गोल गोल फिरवायचो. तिरकी वात, तबकातली सुपारी, अंगठी, सगळं अजून लख्ख आठवतं. "अरे, माझ्याकडे बघ की!" ती हसून म्हणायची. मी क्षणभर बघायचो, पण नजर पुन्हा ज्योतीकडे पळायची. डोळे जिथे रेंगाळले, तेवढंच माझ्याजवळ उरलं.

"तिळाचं राहू दे," मी बाईंना म्हटलं.

फोटोत आईचे डोळे तेवढे शाबूत होते. ते माझ्याकडेच बघत होते.